राखाडी रंग बाटलीत नसतो

काळ्या शाईला राखाडी होता येत नाही. पाणी घालून ती फिकी करता येते, पण तो ब्रशवाल्यांचा कारभार. पेनातून उतरणारी वॉटरप्रूफ शाई कागदावर एक तर असते, नाहीतर नसते. आणि माणसाचा चेहरा म्हणजे सगळा मधला मामला. गाल कानाकडे वळताना कुठे अंधारायला लागतो, नाकालगतची सावली ओठांपर्यंत येता येता कशी विरते, म्हातारपणी डोळ्यांखाली सैल पडलेली कातडी किती खोल दिसते, यातलं काहीच निव्वळ काळं किंवा निव्वळ पांढरं नाही. तरी नुसत्या ठिपक्यांनी काढलेलं एखादं व्यक्तिचित्र समोर आलं की कातडीचा मऊपणा दिसतो, डोळ्यातली ओल दिसते, आणि चित्रातल्या गृहस्थांच्या ओठांवर एक खवचट वाक्य येऊन थांबलंय असंही वाटतं. भिंग लावून बघावं तर तिथे ठिपक्यांशिवाय काही नाही. सगळे जवळपास एका मापाचे आणि सारखेच काळे. राखाडीचा पत्ता नाही.

तो राखाडी कागदावर नसतोच; तो बघणाऱ्याच्या डोळ्यात तयार होतो. दोन बिंदू सुटे दिसायचे असतील तर त्यांच्यामधलं अंतर डोळ्यापाशी निदान एका अंशाच्या साठाव्या भागाचा कोन करणारं असावं लागतं. पुस्तक आपण ३०-३५ सेंटिमीटरवर धरतो. तिथे हे अंतर भरतं मिलिमीटरच्या जेमतेम दहाव्या भागाइतकं. त्याहून बारीक काळे-पांढरे तुकडे आले की निरोगी डोळाही हात टेकतो आणि त्यांची सरासरी काढून मोकळा होतो. ही सरासरी म्हणजेच राखाडी. चित्रकारांत चालणारं ००५ नंबरचं मायक्रॉन पेन ०.२ मिलिमीटरची रेघ काढतं, म्हणजे हातात धरलेल्या चित्रातला त्याचा ठिपका सुटा दिसतो. तेच चित्र ७० सेंटिमीटरवर नेलं की ठिपका मर्यादेपाशी येतो आणि चेहरा एकसंध व्हायला लागतो. खरी गंमत या दोन अंतरांच्या मधल्या जागेत आहे. तिथे ठिपकेही दिसतात आणि माणूसही दिसतो, आणि नजर दोन्हींमध्ये ये-जा करत राहते. छापील फोटोतही ठिपके असतात, पण ते लपण्यासाठीच जन्माला आलेले. इथे ते उघड्यावर बसून काम करतात.

थोडा हिशेब करू. ०.२ मिलिमीटर व्यासाचा एक ठिपका कागदाचा ०.०३१ चौरस मिलिमीटर भाग झाकतो. एक चौरस सेंटिमीटर जागेचा दहावा हिस्सा काळा करायचा तर असे सुमारे ३२० ठिपके लागतात, आणि निम्मा काळा करायचा तर १६०० च्या आसपास. १० बाय १५ सेंटिमीटरच्या, म्हणजे पोस्टकार्डाएवढ्या चित्रात सरासरी ३० टक्के काळं धरलं तर एकूण आकडा एक लाख चाळीस हजारांच्या पुढे जातो. सेकंदाला दोन ठिपके या वेगाने, न थांबता, साधारण वीस तास. म्हणून तर गडद भागासाठी लोक जाड टोकाचं पेन घेतात. तो आळस नव्हे, व्यवहार आहे.

पण या हिशेबात डोळ्याने एक पाचर मारून ठेवली आहे, आणि नवशिक्यांची बहुतेक चित्रं तिथेच फसतात. निम्मा कागद काळा केला म्हणजे मधला राखाडी मिळेल असं कुणालाही वाटेल. तसं होत नाही. आपली नजर प्रकाश सरळ प्रमाणात मोजत नाही. अंधाराकडच्या बारीक फरकांना ती जास्त किंमत देते आणि उजेडाकडच्या फरकांना कमी. काळा आणि पांढरा यांच्या बरोबर मध्ये भासणारा राखाडी हा प्रत्यक्षात पडलेल्या प्रकाशापैकी १८ टक्केच परत पाठवत असतो. फोटोग्राफर वापरतात ते ग्रे कार्ड याच मापाचं. म्हणजे ठिपक्यांनी हा मधला राखाडी आणायचा तर कागदाचा तब्बल ८० टक्के भाग काळा व्हायला हवा. (प्रत्यक्षात थोडा कमी चालतो, कारण प्रकाश कागदात शिरून आतल्या आत पसरतो आणि त्यातला काही ठिपक्यांच्या पोटाखाली अडकतो.) नवशिका निम्म्यावर थांबतो, कारण जवळून पाहताना त्याला ते भरपूर काळं वाटतं. लांबून चेहरा पावडर थापल्यासारखा पांढराफटक दिसतो. अनुभवी हात मात्र जबड्याखाली, नाकपुडीत, केसांच्या मुळाशी निर्धास्तपणे काळोख भरत जातो. तिथे एक विलक्षण गोष्ट घडते. ठिपके एकमेकांना चिकटून सलग काळं होतं आणि मध्ये उरलेला कागदच पांढऱ्या ठिपक्यांसारखा दिसायला लागतो. काळं मांडायचं काम संपतं आणि पांढरं वाचवायचं काम सुरू होतं.

ठिपका मारणं कुणालाही जमतं. दोन ठिपक्यांमध्ये किती जागा सोडायची हा या कलेचा सगळा अभ्यास.

ठिपके सरळ रांगांत मांडले तर डोळ्याला चेहऱ्याआधी रांगा दिसतात. बरं, रांगा नकोत म्हणून डोळे मिटून कसेही मारावेत, तर तेही फसतं. खरोखर यादृच्छिक ठिपके कधीच सारखे पसरत नाहीत. कुठे पाच एका जागी गोळा होतात, कुठे मोकळं मैदान पडतं. सगळा कागद एकदा झाकला जाईल इतके ठिपके नुसते दैवावर सोडून टाकले तर गणित सांगतं की ३७ टक्के कागद कोराच राहील, कारण बाकीचे एकमेकांवर जाऊन पडतील. अशा ठिपक्यांनी काढलेला गाल पुरळ उठल्यासारखा दिसतो. हवं असतं ते दोन्हींच्या मधलं. रांग दिसू नये, पण कुणी कुणाच्या फार जवळही जाऊ नये. प्रत्येक ठिपक्याभोवती थोडी हक्काची जागा, आणि त्या जागेचं माप उजेडात मोठं, सावलीत लहान.

अशीच मांडणी निसर्गाने आपल्या डोळ्यात करून ठेवली आहे. १९८३ साली जॉन येलट या संशोधकाने, आपल्या डोळ्याशी साम्य असणाऱ्या ऱ्हीसस माकडाच्या नेत्रपटलातल्या, उजेड टिपणाऱ्या शंकुपेशींची मांडणी तपासली. नेत्रपटलाच्या अगदी मध्यभागी त्या दाटीवाटीने, जवळपास षट्कोनी जाळीत बसलेल्या असतात. मध्यापासून बाहेर सरकलं की जाळी मोडते. पेशी विस्कळीत होतात, पण ठरावीक अंतराच्या आत एकमेकींजवळ येत नाहीत. जाळी अगदी नियमित असती तर बारीक पट्ट्यांचं कापड बघताना नसलेले पट्टे दिसले असते. टीव्हीवर निवेदकाच्या बारीक चौकटीच्या शर्टावर लाटा उठतात, तसे. विस्कळीतपणामुळे ती चूक पुसट होऊन नुसती किरकोळ खरखर उरते. पुढे छपाईच्या आणि संगणकाच्या लोकांनी या मांडणीला ‘ब्लू नॉइज’ असं नाव दिलं. रात्रभर बसून गालावर ठिपके मारणाऱ्या चित्रकाराचा हात, कुणी न शिकवता, डोळ्याच्याच रचनेकडे सरकत जातो.

ही कल्पना किती जुनी? ताम्रपटावर ठिपक्यांनी छटा आणायचा प्रयत्न पादुआच्या जूलिओ काम्पान्योलाने सोळाव्या शतकाच्या सुरुवातीलाच केला होता. व्हेनिसच्या चित्रकारांच्या रंगातला धूसरपणा त्याला रेघांनी पकडता येईना, म्हणून त्याने धातूवर बारीक टोचे मारले. पण ठिपक्यांची खरी चलती झाली अठराव्या शतकातल्या लंडनमध्ये. तिथे ही पद्धत रुजवणाऱ्यांतला बिनीचा माणूस म्हणजे विल्यम विन रायलंड. तो राजा तिसऱ्या जॉर्जचा खोदकार होता आणि हाताने इतका तयार होता की शेवटी त्या हातानेच घात केला. ईस्ट इंडिया कंपनीच्या नावाची खोटी हुंडी बनवल्याच्या आरोपावरून त्याला १७८३ साली टायबर्नला फाशी दिलं गेलं. दुसरा मोठा माणूस जन्माने फ्लॉरेन्सचा, १७६४ साली लंडनला आलेला फ्रान्चेस्को बार्तोलोत्सी. त्याच्या ठिपक्यांतले चेहरे इतके मऊ की आज बघताना क्वचित गोडमिट्ट वाटतात. मात्र कातडी दाखवण्यात रेघेपेक्षा ठिपका सरस, हे त्याने कायमचं सिद्ध केलं. रेघेला दिशा असते, ठिपक्याला नसते. आणि गालाला, कपाळाला, बाळाच्या हनुवटीला दिशा नकोच असते.

आपल्याकडे हे ठिपके देवघरातून आले. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या लक्ष्मी-सरस्वती दगडावरून छापल्या जात, एकेका रंगाला एकेक दगड, आणि छटा आणण्यासाठी दगडावर कारागीर हाताने ठिपके भरत. घरात आजोबांच्या काळातली अशी तसबीर असेल तर भिंग घेऊन देवीच्या गालाकडे बघा. ठिपके वेडेवाकडे, लहानमोठे, माणसाने मारलेले दिसले तर तो जुना दगडी छापा असण्याची शक्यता बरीच आहे. तेच ठिपके शिस्तीत, छोट्या छोट्या फुलांसारख्या गोल नक्षीत बसलेले दिसले तर ती अलीकडची ऑफसेटची नक्कल. जुन्या बाजारात भाव करण्याआधी ही एवढी तपासणी करायला हरकत नाही.

शिस्तीतले ठिपके आले हाफटोनमुळे. काचेवर आडव्या-उभ्या बारीक रेघांची जाळी कोरायची, फोटो त्या जाळीतून घ्यायचा, की त्याचे आपोआप ठिपके पडतात. १८८० च्या दशकात अमेरिकेत आणि जर्मनीत ही रीत बसली, आणि कोलकात्यात उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांनी ती नुसती उचलली नाही, तर तिचं गणितच नव्याने मांडलं. आपल्या पुस्तकातली चित्रं लाकडी ठशांनी बिघडवली म्हणून वैतागून त्यांनी परदेशातून सामान मागवलं होतं. त्यांचे लेख ‘पेनरोज’ या ब्रिटिश वार्षिकात छापून येत, आणि इंग्लंडला ते स्वतः कधी गेले नव्हते. हे सत्यजित राय यांचे आजोबा. इकडे लोणावळ्यात १९०८ च्या सुमाराला दुसरे एक गृहस्थ रविवर्मा प्रेससाठी फोटोलिथोची आणि हाफटोन ब्लॉकची कामं करत होते: धुंडिराज गोविंद फाळके. सिनेमा काढायच्या आधी दादासाहेबांनी चित्राचे ठिपके कसे होतात हे हातांनी शिकून घेतलं होतं.

हाफटोन आणि हातचे ठिपके यांच्यातला फरक दोन वाक्यांत सांगता येतो. हाफटोनमध्ये ठिपक्यांमधलं अंतर कायम असतं आणि ठिपका लहानमोठा होतो. हातच्या कामात ठिपका जवळपास कायम असतो आणि अंतर लहानमोठं होतं. तुमच्या घरचा इंकजेट प्रिंटर दुसऱ्या पंथातला आहे, हे कळलं तेव्हा मला त्या यंत्राबद्दल थोडा आदर वाटायला लागला.

आता वर्तमानपत्राकडे येऊ, कारण शाईच्या ठिपक्यांतलं व्यक्तिचित्र गेल्या शतकात सर्वांत जास्त लोकांनी पाहिलं ते तिथे. न्यूयॉर्कच्या ‘वॉल स्ट्रीट जर्नल’च्या पहिल्या पानावर कित्येक दशकं फोटो जवळजवळ नसायचेच. १९७९ साली केव्हिन स्प्राउल्स नावाचा चित्रकार आपली ठिपक्यांची चित्रं घेऊन त्यांच्याकडे गेला. नोटेवरच्या चित्राचा भारदस्तपणा असलेली ती शैली पैशांच्या वर्तमानपत्राला न आवडती तरच नवल. (आपल्या शंभराच्या किंवा पाचशेच्या नोटेवरच्या गांधीजींवरून बोट फिरवा, कोरीव छपाईचा उठाव बोटाला जाणवतो.) या चित्रांना तिथे ‘हेडकट’ म्हणतात. छापलेला चेहरा जेमतेम इंचभर रुंद, पण चित्रकार तो बराच मोठा काढतो आणि मग लहान करून छापतात. एका चेहऱ्याला तीन ते पाच तास लागतात. पद्धत अशी, की फोटोवर पारदर्शक कागद ठेवून ठिपके मारायचे, पण कसेही नाही. चेहऱ्याच्या उंचसखलपणावरून वळत जाणाऱ्या अदृश्य रेघा मनात धरायच्या आणि त्यांच्यावर ठिपके ओवायचे. गालावर ते गोलाईने फिरतात, कपाळावर आडवे जातात. केसांना आणि कोटाला ठिपके नसतात, तिथे सरळ रेघा.

मोठं काढून लहान करण्यात एक फायदा आहे आणि एक फटका. हाताची थरथर नाहीशी होते, हा फायदा. फटका असा, की वर्तमानपत्राचा कागद शाई पितो. प्रत्येक ठिपका छापताना किंचित फुगतो, आणि सावलीतल्या ठिपक्यांमधल्या फटी बुजून डोळ्याच्या जागी काळा डाग पडतो. छपाईवाले याला ‘डॉट गेन’ म्हणतात. म्हणून हेडकट काढणारा मूळ चित्रात फटी जरा जास्तच मोकळ्या ठेवतो. म्हणजे कागदावर काढताना चित्र मुद्दाम थोडं चुकवायचं, तेव्हा ते छापल्यावर बरोबर दिसणार. २००२ साली ही इंचभराची चित्रं वॉशिंग्टनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीने प्रदर्शनात मांडली.

इथवर झालं ते छटेचं. पण छटा जमली म्हणून माणूस जमतो असं नाही. शाळेच्या हॉलमधल्या भिंतीवरच्या कित्येक महापुरुषांच्या चित्रांत छटा नीट आहेत आणि चेहरे मात्र मेणाचे. भाव येतो कुठून?

पहिला वाटा डोळ्यांभोवतीच्या जागेचा. दिल्लीच्या आयआयटीत शिकून बॉस्टनजवळच्या एमआयटीत गेलेले पवन सिन्हा यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली एक छान प्रयोग प्रसिद्ध केला. ओळखीच्या माणसाच्या फोटोची निगेटिव्ह दाखवली तर माणूस ओळखणं फार अवघड जातं, हे जुनंच माहीत होतं. त्यांनी काय केलं, तर सगळा चेहरा निगेटिव्हच ठेवून फक्त डोळ्यांचा पट्टा सरळ केला. ओळख मोठ्या प्रमाणात परत आली. म्हणजे आपला मेंदू राखाडीची नेमकी मात्रा मोजत बसत नाही. डोळ्यांची खोबण कपाळापेक्षा आणि गालांपेक्षा काळी आहे ना, एवढं नातं आधी तपासतो. ठिपके मारणाऱ्यासाठी हा मोठाच दिलासा. गालाचा राखाडी पाच टक्क्यांनी चुकला तर चालेल, पण डोळ्यांच्या खोबणीत हात आखडता घेतला तर माणूस गेला.

प्रत्यक्ष एक डोळा काढताना काय होतं ते जवळून पाहू. पेन कागदावर अगदी उभं धरावं लागतं. तिरपं झालं की ठिपक्याला शेपूट फुटतं, आणि शेपटाला दिशा आली की कातडीचा मऊपणा संपला. तळहाताखाली कोरा कागद, नाहीतर हाताचं तेल चित्राला लागतं आणि पुढची शाई धरत नाही. सुरुवात बुबुळातल्या चमकेपासून. चमक म्हणजे राईच्या दाण्याहून लहान कोरी जागा. तिच्याभोवती पेन्सिलीने हलकं कुंपण घालायचं, कारण शाईत खाडाखोड नाही, आणि ही जागा एकदा बुजली की डोळा मेला. मग बाहुली पूर्ण काळी. बुबुळ वरच्या बाजूला गडद, कारण वरच्या पापणीची सावली त्याच्यावर पडते, आणि खाली चमकेच्या समोरच्या अंगाला विरळ, कारण उजेड आत शिरून तिकडून बाहेर डोकावतो. आता डोळ्याचा पांढरा भाग. तो पांढरा सोडायचा नाही! नवशिक्यांच्या चित्रातले डोळे दचकल्यासारखे दिसतात ते इथेच. तो एक गोळा आहे, त्याला कडांशी सावली असते, आणि वरच्या पापणीखाली तर चांगलीच. खालच्या पापणीच्या काठावर केसाएवढी कोरी पट्टी ठेवायची. तिथे पाणी असतं, ते चमकतं. या एवढ्याशा पट्टीमुळे डोळा ओला दिसतो. शेवटी डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यातल्या बारीक सुरकुत्या. खरं हसू आणि कॅमेऱ्यासाठीचं हसू यांतला फरक या कोपऱ्यात आहे, हे दुशेन या फ्रेंच डॉक्टरने १८६२ सालीच लिहून ठेवलंय. ओठ आपण ठरवून ताणू शकतो, डोळ्याभोवतीचा स्नायू सहसा ऐकत नाही.

सुरकुती काढताना रेघ ओढायचा मोह होतो. तो आवरायचा. सुरकुती म्हणजे एका बाजूने अचानक दाट होणारे आणि दुसऱ्या बाजूने हळूहळू विरळ होत जाणारे ठिपके. रेघ ओढली की ती चेहऱ्यावर वरून चिकटवल्यासारखी दिसते.

आणि हसू? हार्वर्डच्या मार्गारेट लिव्हिंगस्टोन यांनी २००० साली मोनालिसाच्या हसण्याचा उलगडा मांडला. नजरेचा मध्य बारीक तपशील टिपतो, कडेची नजर फक्त ढोबळ उजेड-सावली. मोनालिसाचं हसू ओठांच्या रेघेत कमी आणि गालांच्या धूसर सावल्यांत जास्त आहे. म्हणून तिच्या डोळ्यांकडे पाहिलं की कडेच्या नजरेला ती हसताना दिसते, आणि ओठांकडे थेट पाहिलं की हसू मावळतं. ठिपक्यांच्या चित्राला हा नियम आणखी लागू पडतो, असं मला वाटतं. आपण आधी डोळ्यांकडे बघतो. त्या वेळी ओठ आणि गाल कडेला असतात, आणि कडेच्या नजरेत ठिपके लवकर विरघळतात. त्यामुळे डोळ्यांच्या भोवती ठिपके आहेत हे दिसत असतानाच ओठांशी मात्र सलग, धुक्यासारखी सावली दिसते. तिकडे नजर वळवली की धुकं पांगतं आणि ठिपके समोर येतात. ठिपक्यांतलं हसू जरा जिवंत वाटतं, हलल्यासारखं वाटतं, ते बहुधा यामुळे.

चित्रकार काम करताना अधूनमधून डोळे किलकिले करून चित्राकडे बघतात, त्यातही हेच शास्त्र आहे. बेल लॅब्जच्या लिऑन हार्मन यांनी १९७३ साली अब्राहम लिंकनचं चित्र मोजक्या ढोबळ चौकोनांत मोडून दाखवलं. जवळून ते नुसते फरशीचे तुकडे. लांबून किंवा डोळे बारीक करून पाहिलं की लिंकन हजर. चौकोनांच्या कडा धूसर झाल्यावर चेहरा सुटा होतो. साल्व्हादोर दालीने या युक्तीवरून पुढे एक प्रचंड कॅनव्हास रंगवला.

संगणकाला हे ठिपके मारायला शिकवलं गेलं, त्याची कहाणीही मजेची आहे. १९७६ साली फ्लॉइड आणि स्टाइनबर्ग या दोघांनी एक साधी रीत सांगितली. समजा एखादी जागा ४० टक्के काळी हवी, पण तुमच्याकडे पूर्ण काळा किंवा पूर्ण पांढरा एवढंच आहे. तुम्ही ती पांढरी सोडली. म्हणजे ४० टक्के काळं देणं राहिलं. ते बुडवायचं नाही, वाण्याच्या वहीतल्या उधारीसारखं पुढच्या खात्यावर चढवायचं: सोळापैकी सात भाग उजव्या शेजाऱ्यावर, पाच खालच्यावर, तीन खालच्या डाव्यावर, एक खालच्या उजव्यावर. शेजाऱ्यावर पुरेशी उधारी साचली की तिथे ठिपका पडतो. इतकंच. हाताने काम करणारा माणूसही हेच करतो. एखादी जागा फिकी राहिली असं वाटलं की तो बरोबर तिथे नाही, तर शेजारच्या सर्वांत मोकळ्या फटीत ठिपका टाकतो. पुढे २००२ साली एड्रियन सेकॉर्ड याने प्रत्येक ठिपक्याला स्वतःचा इलाखा वाटून दिला आणि इलाख्यातल्या काळेपणाच्या केंद्राकडे ठिपक्याला पुन्हा पुन्हा सरकवत नेलं. त्यातून निघालेली चित्रं खरोखर देखणी आहेत. ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने २०१९ साली वाचकांच्या फोटोंचे हेडकट करून देणारी संगणकी सोयही सुरू केली.

माझं मत विचाराल तर यंत्राच्या ठिपक्यांत दोष काढायला जागा नाही, आणि तीच त्यांची अडचण आहे. यंत्र फोटोतल्या कानाला आणि डोळ्याला सारखाच न्याय देतं. माणूस पक्षपात करतो. कान दहा-वीस ठिपक्यांत उरकतो, खांदा तर कोराच सोडतो, कपाळावरचा घाम वगळून टाकतो आणि भुवईच्या एका टोकावर अर्धा तास घालवतो, कारण त्याला त्या माणसाचा हट्टीपणा तिथे दिसलेला असतो. फोटोत तो तितका नसेलही. व्यक्तिचित्र म्हणून मला पक्षपाती चित्रच हवं.

तुम्हालाही करून बघायचं असेल तर आख्खा चेहरा घेऊ नका. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचा, एका बाजूने उजेड पडलेला फोटो घ्या आणि त्यातला एकच डोळा, भुवईसकट, पाच सेंटिमीटर रुंद काढा. कागद गुळगुळीत हवा. खरबरीत कागदावर ठिपक्याच्या कडा फुटतात. ०.२ चं एक पेन आणि गडद जागांसाठी ०.५ च्या आसपासचं दुसरं, एवढं पुरे. आधी सगळ्यात काळ्या जागा भरा, नाहीतर बाकीचं किती गडद करायचं याचा अंदाज येणार नाही. हात दुखला की थांबा, कारण थकलेला हात नकळत रांगा लावायला लागतो. आणि चित्र झालं असं वाटलं की ते भिंतीला टेकवून तीन-चार पावलं मागे जाऊन बघा. बहुतेक वेळा ते फिकं निघेल. पुन्हा बसा आणि सावल्या आणखी भरा.